पिस्तुलाच्या नळीचे तोंड पुन्हा कापून घेण्याचा खर्च परवडतो का? खान्देशातील नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पिस्तुलाचा सराव करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, पण पिस्तूल दुरुस्त करणारे जाणकार मात्र जवळपास सापडत नाहीत. त्यामुळे गुण घसरू लागले की कोणीतरी ‘क्राउन गेला असेल, री-क्राउन करून घे’ असा सल्ला देतो आणि नेमबाज पैसे व सुट्टी जुळवून मोठ्या शहराकडे निघतो. मी अनेक वर्षे टूलरूममध्ये टर्नर म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर दहा मीटरच्या रेंजवर मुलांना शिकवतो. या दोन्ही बाजूंच्या अनुभवातून, मला सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे लिहीत आहे.

क्राउन म्हणजे नेमके काय?

नळीच्या ज्या टोकातून गोळी बाहेर पडते त्या तोंडाची कड म्हणजे क्राउन, आणि ती कड पुन्हा कापून नीट करणे म्हणजे री-क्राउन किंवा री-क्राउनिंग. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्या गोळीला फिरकी देतात, आणि या खाचा जिथे संपतात तिथली धार हा गोळीला होणारा नळीचा शेवटचा स्पर्श असतो. गोळीचे बूड ही धार सोडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या चहूबाजूंनी सुटतो. धार सर्व बाजूंनी सारखी आणि नळीच्या अक्षाशी काटकोनात असेल, तर वायू सर्व बाजूंनी एकाच वेळी सुटतो. एका जागी खाच, दब किंवा बर (कापल्यावर कडेला राहणारा धातूचा बारीक काटा) असेल तर तिथून वायू आधी निसटतो, बुडाला एका बाजूने धक्का बसतो आणि गोळी किंचित डोलत पुढे जाते. शेतातल्या मोटारीच्या पाइपचे तोंड एका बाजूने चेपलेले असले की पाण्याची धार सरळ पडत नाही, हे आपल्याकडे प्रत्येकाने पाहिलेले आहे.

म्हणूनच नळीच्या मधल्या भागात एखादा बारीक ओरखडा असला तरी फारसे बिघडत नाही, पण तेवढाच ओरखडा तोंडाच्या धारेवर असेल तर तो निशाण्यावर दिसू शकतो.

क्राउन खराब कशामुळे होतो?

गोळ्या झाडून तो सहसा झिजत नाही. .२२ बोअरची गोळी मऊ शिशाची असते आणि एअर पिस्तुलाचा छर्राही शिशाचाच असतो. शिसे पोलादाला खाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. क्राउनचा खरा शत्रू म्हणजे साफसफाईची कांडी. .२२ च्या अनेक स्पर्धा-पिस्तुलांची नळी चौकटीत पक्की बसवलेली असते आणि मागच्या बाजूने सरळ कांडी घालता येत नाही, म्हणून लोक तोंडाकडून कांडी घालतात. पोलादी, जोडाची कांडी प्रत्येक फेऱ्यात त्याच एका बाजूला घासते, आणि दोन-तीन वर्षांत धार त्या बाजूला गोल होते. उत्साहाने दर सरावानंतर नळी घासणाऱ्या मुलांची पिस्तुले मी आळशी मुलांच्या पिस्तुलांपेक्षा अधिक खराब झालेली पाहिली आहेत, आणि हे त्यांच्यासमोर बोलताना मला नेहमी अडचण वाटते.

दुसरे कारण म्हणजे पिस्तूल तोंडावर पडणे किंवा डब्यात काही कठीण वस्तूवर आपटणे. तिसरे कारण गंज. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि घामेजलेल्या हाताने पिस्तूल हाताळले जाते. मग जूनमध्ये पहिला पाऊस पडतो आणि हवा एकाएकी दमट होते. घामातले मीठ तोंडाच्या उघड्या पोलादावर राहिलेले असेल, तर पावसाळ्यात तिथे बारीक खड्डे पडतात.

माझे ग्रुपिंग (झाडलेल्या छर्ऱ्यांचा लक्ष्यावरचा पुंजका, म्हणजेच ग्रुप) पसरले आहे. क्राउन गेला असे समजावे का?

समजू नये, आणि या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच असल्यामुळे ते जरा विस्ताराने देतो.

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो आणि वर्तुळाच्या रेषेला त्याचा नुसता स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंत ढळला तरी दहा गुण मिळतात. दुसऱ्या शब्दांत, मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेला सोळा मिलिमीटरचा ग्रुप बरोबर केंद्रावर बसला, तर सगळे दहाच पडतात. चांगल्या स्थितीतले स्पर्धेचे एअर पिस्तूल शिकंजात धरून झाडले, तर त्याचा ग्रुप याच्या निम्म्याहूनही लहान येतो.

आता नेमबाजाकडे पाहू. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले (नेम धरण्याच्या खुणांमधले) अंतर साधारण ३२० मिलिमीटर धरले, तर पुढची साइट मागच्या खाचेत केवळ एक दशांश मिलिमीटर सरकली की दहा मीटरवर छर्रा सुमारे तीन मिलिमीटर ढळतो. अर्धा मिलिमीटर सरकली तर पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त ढळतो, म्हणजे दहाचा आठ किंवा नऊ होतो. ट्रिगर ओढताना मनगट किंचित वळले की साइट अर्धा मिलिमीटर सहज हलते.

या दोन चुका एकमेकींत सरळ मिळवायच्या नसतात. त्या स्वतंत्र असल्यामुळे त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. समजा हाताचा पसारा वीस मिलिमीटर आणि पिस्तुलाचा सहा मिलिमीटर आहे. एकूण पसारा २६ होत नाही, तो सुमारे २०.९ होतो. खर्च करून पिस्तुलाचा पसारा सहावरून चारवर आणला, तर एकूण पसारा २०.४ होतो. अर्धा मिलिमीटर वाचला, आणि तो लक्ष्यावर ओळखूही येणार नाही. हाताचा पसारा मात्र वीसवरून पंधरावर आणला, तर त्याच जुन्या पिस्तुलानेही एकूण पसारा सोळाच्या आसपास येतो.

क्राउन खरोखरच दुखावलेला असेल आणि पिस्तूल एकटेच चौदा मिलिमीटर पसरवत असेल, तर हिशेब बदलतो. तेव्हा एकूण पसारा २४.४ होतो आणि दुरुस्तीनंतर साडेतीन मिलिमीटरचा फायदा मिळतो. म्हणजे क्राउनवर खर्च करावा की नाही हे क्राउन कसा दिसतो यावरून ठरत नाही. पिस्तूल हातातून काढून झाडले तर ते किती पसरवते, यावरून ते ठरते.

मग पिस्तुलाचा स्वतःचा पसारा कसा मोजावा?

एका जड टेबलाला बाकशिकंजा घट्ट बसवावा, त्याच्या जबड्यांना जाड रबर किंवा चामडे लावावे आणि पिस्तूल चौकटीला धरून पकडावे. नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला धरून आवळू नये, कारण दाबामुळे मोजमापच खोटे येते. पहिले पाच-सात छर्रे पिस्तूल जागेवर बसेपर्यंत सोडून द्यावेत. त्यानंतर एकाच डब्यातल्या छर्ऱ्यांचे पाच-पाचांचे किमान पाच ग्रुप वेगवेगळ्या कागदांवर काढावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी. तीन छर्ऱ्यांच्या एका ग्रुपवरून निष्कर्ष काढणे म्हणजे एका दिवसाच्या भावावरून केळीचा हंगाम ठरवणे आहे.

.२२ पिस्तुलाची ही चाचणी मान्यताप्राप्त रेंजवर, रेंज अधिकाऱ्याच्या उपस्थितीतच करावी. शिकंजातले पिस्तूल रिकामे आहे की भरलेले हे दुरून कळत नाही, त्यामुळे येथे शिस्त नेहमीपेक्षा कडक हवी.

यानंतर छर्ऱ्याचा डबा बदलून तीच चाचणी पुन्हा करावी. स्पर्धेच्या छर्ऱ्यांच्या डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ असा वेगवेगळा मिळतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादाच मानवतो. माझ्या अनुभवात ‘क्राउन खराब आहे’ म्हणून आणलेल्या पिस्तुलांपैकी निम्म्याहून अधिक पिस्तुले छर्रा बदलल्यावर किंवा एखादा सैल स्क्रू आवळल्यावर सुधारली.

क्राउन डोळ्यांनी तपासता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. पिस्तूल रिकामे असल्याची आणि सिलिंडर काढलेला असल्याची दोनदा खात्री करावी. घड्याळजी वापरतात तसे दहापट भिंग घ्यावे आणि बारीक टॉर्चचा प्रकाश तिरका पाडून धार पाहावी. निरोगी धार सलग, एकसारखी चमकते. जिथे चमक तुटते किंवा रुंद होते तिथे दोष असतो. नंतर कान साफ करण्याची कापसाची काडी हलक्या हाताने आतून बाहेर, धारेवरून सर्व बाजूंनी फिरवावी. एखाद्या ठिकाणी कापसाचे तंतू अडकून राहिले तर तिथे बर आहे.

.२२ पिस्तुलात आणखी एक खूण मिळते. पन्नास-साठ गोळ्या झाडल्यावर तोंडावर काजळी आणि शिशाची चांदणी उमटते. चांदणीच्या पाकळ्या सारख्या असतील तर वायू सर्व बाजूंनी सारखा सुटतो आहे. एका बाजूची पाकळी लांब आणि बाकीच्या आखूड असतील, तर मात्र भिंग पुन्हा हातात घ्यावे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. भिंगातून पाहिले की प्रत्येक नळीला काहीतरी दिसतेच. दिसलेला प्रत्येक डाग दोष नसतो, आणि चाचणीत ग्रुप चांगला येत असेल तर भिंगातले दृश्य विसरून जावे.

एअर पिस्तुलाला री-क्राउनिंगची गरज पडते का?

क्वचित पडते. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात नळीच्या पुढे कंपेन्सेटर (वायू बाजूला सोडून पिस्तुलाची उसळी कमी करणारा भाग) बसवलेला असतो आणि खरा क्राउन त्याच्या आत सुरक्षित असतो. पिस्तूल पडले तर आधी मार कंपेन्सेटरला बसतो. पण यातूनच एक वेगळा दोष निर्माण होतो. कंपेन्सेटर किंचित वाकडा बसला की बाहेर पडणारा छर्रा त्याच्या भोकाच्या कडेला चाटून जातो, आणि मग ग्रुप असा काही पसरतो की कोणालाही क्राउन गेल्याची शंका यावी. कंपेन्सेटर काढून त्याच्या भोकाच्या एका बाजूला शिशाचा राखाडी ओरखडा दिसतो का ते पाहावे. दिसला तर तो साफ करून, पुन्हा सरळ बसवून चाचणी घ्यावी. या कामाला एक रुपयाही लागत नाही.

दुसरा संशयित म्हणजे हवेचा दाब. दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर किंवा हवेची गळती रोखणारी ओ-रिंग खराब झाल्यावर प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा होतो आणि ग्रुप उभा लांबतो. पसारा उभाच वाढला असेल तर क्राउनचा विचार बाजूला ठेवून वेग मोजून घ्यावा. जुन्या स्प्रिंगच्या पिस्तुलांत मात्र नळीचे तोंड उघडे असते, आणि तिथे धार दुखावल्याचे मी खरोखर पाहिले आहे.

री-क्राउनिंगचा खर्च नेमका कशाकशाचा असतो?

मजुरी हा त्यातला लहान भाग असतो. कारागिराचा प्रत्यक्ष वेळ, जुळणी धरून, दोन-तीन तासांपेक्षा जास्त नसतो. बाकीचा खर्च आपल्या पत्त्याचा आहे. धुळ्याहून मुंबई किंवा पुणे तीनशे किलोमीटरपेक्षा दूर आहे आणि जळगावहून पुणे चारशेच्या घरात आहे. पिस्तूल द्यायला एकदा आणि आणायला एकदा, असे दोन प्रवास करावे लागतात. दोन्ही वेळा रजा, जेवण, आणि कधी मुक्कामही होतो. मधले दोन-तीन आठवडे सराव बुडतो. जिल्हा स्पर्धा महिन्यावर आली असताना पिस्तूल दुरुस्तीला दिलेला मुलगा मी पाहिला आहे. ते वेळेत परत आले नाही आणि त्याने क्लबच्या अनोळखी पिस्तुलावर स्पर्धा खेळली.

समजा कारागीर तीन हजार रुपये घेतो आणि दोन प्रवासांत आणखी पाच हजार जातात. मग प्रश्न तीन हजारांचा राहत नाही, तो आठ हजारांचा आणि तीन आठवड्यांच्या सरावाचा होतो. याच पैशांत छर्ऱ्यांचे चार वेगवेगळे डबे तपासून योग्य तो निवडता येतो, आणि उरलेल्या रकमेत मापाची लाकडी मूठ घासून घेता येते. मूठ हाताला बसत नसेल तर ती क्राउनपेक्षा कितीतरी अधिक गुण खाते.

माझे मत असे आहे की चाचणीत पिस्तुलाचा स्वतःचा ग्रुप दहाच्या वर्तुळाच्या मर्यादेबाहेर जात असेल, छर्रा बदलूनही तो सुधारत नसेल आणि भिंगाखाली धारेवर दोष स्पष्ट दिसत असेल, तर खर्च निःसंकोच करावा. या तिन्ही गोष्टी एकत्र नसतील तर पैसे खिशातच ठेवावेत. दुसऱ्या एखाद्या कारणाने मुंबई-पुण्याला जाणे होणारच असेल आणि कारागीर ओळखीचा असेल, तर मात्र प्रवासाचा खर्च वजा होतो, आणि मग संशयावरून तपासून घेण्यातही काही चूक नाही.

इंदूर किंवा सुरत जवळ पडते. तिकडे न्यावे का?

धुळ्याहून आग्रा रस्त्याने इंदूर आणि नंदुरबारहून रेल्वेने सुरत जवळ पडते हे खरे आहे. पण .२२ किंवा .३२ चे पिस्तूल परवान्याचे असते, आणि परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. ते केवळ महाराष्ट्रापुरते असेल तर पिस्तूल घेऊन राज्याची हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरतो. निघण्यापूर्वी परवान्यावरची ती ओळ वाचून घ्यावी.

एअर पिस्तुलाला ही अडचण नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्रांना परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघतो असे धरले, तर त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. तरीही प्रवासात खरेदीची पावती आणि क्लबचे ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण पिस्तुलाच्या आकाराची वस्तू पाहिल्यावर कोणीही आधी ज्यूल विचारत नाही.

जळगावच्या एमआयडीसीत उत्तम लेथवाले आहेत. त्यांच्याकडून काम करून घेता येईल का?

हातकौशल्याचा प्रश्न असता तर मी होय म्हणालो असतो. पण परवान्याच्या शस्त्राबाबत उत्तर स्पष्ट नाही असे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि नळी आखूड करण्याविषयी कलम ६ स्वतंत्रपणे बोलते. री-क्राउनिंगमध्ये थोडी का होईना, नळी कापलीच जाते. ओळखीच्या टर्नरला ‘पाच मिनिटांचे काम आहे’ म्हणून गळ घालणे म्हणजे त्यालाही अडचणीत आणणे आहे. काम परवानाधारक शस्त्र-दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे आणि पिस्तुलाच्या क्रमांकासह पावती घ्यावी.

परवाना न लागणाऱ्या एअर पिस्तुलाबाबत कायद्याची ही अडचण येत नाही, पण तांत्रिक अडचण राहते. सामान्य टर्नर नळी बाहेरच्या व्यासावरून चकमध्ये सेंटर करतो. नळीचे छिद्र आणि बाहेरचा व्यास नेहमी एककेंद्री असतातच असे नाही. म्हणून चार जबड्यांच्या चकमध्ये नळी धरून, छिद्रात बसणाऱ्या पिनवर डायल लावून, काटा शतांश मिलिमीटरपर्यंत स्थिर झाल्यावरच कापायचे असते. आणि हत्यार आतून बाहेर चालवायचे असते, म्हणजे बर छिद्रात ढकलला जात नाही. हे ज्याला सांगावे लागते त्याला ते काम देऊ नये.

वरणगाव आणि भुसावळला आयुध निर्माणी आहेत. तिथे हे काम होते का?

होत नाही, पण प्रश्न वारंवार येतो म्हणून उत्तर देतो. वरणगावच्या निर्माणीत लहान शस्त्रांसाठीचा दारूगोळा तयार होतो आणि भुसावळच्या निर्माणीत मुख्यतः दारूगोळ्यासाठीची खोकी व वेष्टने तयार होतात. पिस्तुलाच्या नळ्या बनवणे हे दोघांचेही काम नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यावर वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे गेली. तिथे नोकरी करणारे काका-मामा आपल्यापैकी अनेकांना आहेत, पण त्यांच्याकडे खासगी पिस्तूल घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी स्वस्तात काम करणारे कारागीर आहेत असे ऐकतो. ते खरे आहे का?

मध्य प्रदेशच्या सीमेवर बेकायदा गावठी कट्टे बनतात आणि पोलिसांच्या कारवाया होतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा ठिकाणी परवान्याचे पिस्तूल नेले तर परवाना, पिस्तूल आणि खेळ तिन्ही जातात. या प्रश्नावर याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पितळी स्क्रू आणि व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट वापरून घरी क्राउन सुधारतो, असे सांगतात. त्यात तथ्य आहे का?

थोडे आहे. गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला पेस्ट लावून तो तोंडावर सर्व दिशांनी डोलवत फिरवला, तर धारेवरचा बारीक बर निघतो. गोल डोके आपोआप छिद्राच्या मध्यावर बसते, हे त्यामागचे तत्त्व आहे. पण तोंडच तिरपे असेल किंवा दब खोल असेल, तर या पद्धतीने ते सरळ होत नाही. उलट धार जास्त गोल होते. पेस्टचे कण छिद्रात राहिले तर पुढच्या छर्ऱ्याबरोबर ते नळीच्या पूर्ण लांबीवर घासले जातात. परवान्याच्या शस्त्रावर हे करूच नये. जुन्या, सरावाच्या एअर पिस्तुलावर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, नळीत तेल लावलेला कापसाचा बोळा बसवून आणि नंतर तो पुढच्या बाजूने काढून टाकून, हा प्रयोग करायला माझी हरकत नाही. हातड्रिल मात्र वापरू नये. वेग वाढला की हात सांभाळत नाही.

अकरा अंशांचा क्राउन घ्यावा, सपाट घ्यावा की आत बसवलेला?

कारागिराला जो सफाईने करता येतो तो घ्यावा. अकरा अंशांचा उतार स्पर्धेच्या बंदुकांमुळे प्रसिद्ध झाला आहे, पण अचूकता कोनात नसते. धार एकसारखी आणि छिद्राशी काटकोनात असण्यात असते. पिस्तूल वारंवार डब्यात ठेवले-काढले जात असेल तर आत बसवलेला क्राउन बरा, कारण बाहेरची कडा आपटली तरी खरी धार वाचते.

नळी आखूड झाल्याने वेग कमी होतो का?

पाव ते अर्धा मिलिमीटर पोलाद जाते. २५ मीटर स्पर्धेच्या पिस्तुलाची नळी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर असते, त्यातले हे अर्धा टक्कासुद्धा नाही. नेम वर-खाली किंवा बाजूला थोडा सरकू शकतो. तो साइटच्या चार-सहा क्लिकमध्ये परत येतो, त्याची काळजी करू नये.

माझ्याकडे स्वसंरक्षणासाठी .३२ चे पिस्तूल आहे. त्याचा क्राउन करून घ्यावा का?

पाच-सात मीटरवर वापरण्याच्या पिस्तुलाला क्राउनच्या बारीक दोषाने काहीही फरक पडत नाही. तोंडाला मोठा दब, तडा किंवा फुगवटा असेल तर तो अचूकतेचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. ते पिस्तूल न झाडता परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवावे. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्री प्रत्येक वेळी नळीसमोर नेमकी थांबते का हे आधी पाहून घ्यावे, कारण तिथली चूक क्राउन कितीही चांगला केला तरी झाकली जात नाही.

एवढा खर्च करण्यापेक्षा नवी नळीच घ्यावी का?

कायद्याच्या दृष्टीने अग्निशस्त्राचे भागही अग्निशस्त्रातच मोडतात, त्यामुळे नळी ही दुकानात जाऊन सहज उचलण्याची वस्तू नाही. शिवाय स्पर्धेच्या पिस्तुलांच्या नळ्या बहुतेक परदेशातून येतात आणि त्या वेळेत मिळतीलच असे नसते. नळीच्या आत खोल गंज असेल किंवा ती फुगली असेल तरच बदलण्याचा विचार करावा. केवळ तोंड दुखावले असेल तर री-क्राउनिंग हा नेहमीच स्वस्त मार्ग आहे. सुट्या भागांसाठी पैसे ठेवायचेच असतील तर ते ओ-रिंग, स्प्रिंग आणि ट्रिगरच्या भागांसाठी ठेवावेत. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांचा मौल्यवान वेळ पिस्तुलातल्या बिघाडाने गेला होता, आणि तो बिघाड नळीच्या तोंडाचा नव्हता.

वापरलेले पिस्तूल घेताना क्राउन खराब दिसला तर सौदा सोडावा का?

सोडू नये, भाव करावा. एवढा स्पष्ट दिसणारा आणि एवढा सहज दुरुस्त होणारा दुसरा दोष पिस्तुलात नसतो. विक्रेता मात्र तो दोष सांगताना आवाज बारीक करतो, आणि त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही. दुरुस्तीची मजुरी आणि दोन्ही प्रवासांचा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करून मागावा. त्याआधी नळीच्या आतला भाग प्रकाशात नीट पाहावा, कारण तोंडावर गंज आहे तिथे आतही असण्याची शक्यता असते.

काम झाल्यावर काय तपासावे आणि पुढे काय जपावे?

पिस्तूल ताब्यात घेण्यापूर्वी भिंगाने धार पाहावी, कापसाची काडी फिरवावी आणि नळीत कीस राहिलेला नाही याची खात्री करावी. घरी आल्यावर आधीच्याच शिकंजात, आधीच्याच डब्यातल्या छर्ऱ्यांनी किंवा गोळ्यांनी तीच पाच ग्रुपची चाचणी घ्यावी. आधीचे कागद जपून ठेवलेले नसतील तर खर्चाचा उपयोग झाला की नाही हे कधीच कळणार नाही, आणि बहुतेक लोक तेच कागद फेकून देतात.

साध्या पोलादाच्या नळीचे कापलेले तोंड उघडे पडते, त्यावर कारागिराकडून काळा रंग चढवून घ्यावा आणि पावसाळाभर तेलाचा हलका हात फिरवत राहावे. साफसफाई शक्यतो मागून पुढे, मऊ दोरीला कापड बांधून करावी. तोंडाकडूनच कांडी घालावी लागत असेल तर प्लास्टिकचे आवरण असलेली एकसंध कांडी आणि तोंडावर बसणारी पितळी बुशिंग वापरावी.

निवडणुकीच्या काळात परवान्याचे शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला तर देण्यापूर्वी नळीला आतून-बाहेरून तेल लावावे, तोंडावर तेलाचा बोळा ठेवावा आणि त्याची चिठ्ठी पिस्तुलाच्या डब्यावर चिकटवावी. पिस्तूल परत घेताना पहिली गोष्ट म्हणजे तो बोळा काढावा. तो नळीत विसरून गोळी झाडली तर नळी फुगते, आणि तिला री-क्राउनिंगने काही होत नाही.